आजचा साउंडचेक आणि बेसमधली घूं-घूं

आज मंडपातल्या साउंडचेकचा निम्मा वेळ बेस गिटारमधली घूं-घूं शोधण्यात गेला. हौशी बेसवाल्यांनो, स्वतःचा डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी छोटी डबी) जवळ ठेवाच. बेसची केबल डीआयमध्ये, डीआयच्या 'थ्रू'मधून (तोच सिग्नल पुढे देणाऱ्या सॉकेटमधून) अ‍ॅम्पला आणि डीआयमधून एक्सएलआर (माइकला असते तशी तीन पिनांची) केबल मिक्सरला. अ‍ॅम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणच्या सॉकेटवर असले की अर्थिंगचा लूप तयार होतो आणि ही घूं-घूं येते. डीआयवरचं 'ग्राउंड लिफ्ट' (डीआयमधून मिक्सरकडे जाणारी अर्थिंगची जोडणी तोडणारं बटण) दाबलं की बहुतेक वेळा जाते. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका! अ‍ॅम्पमध्ये बिघाड असला तर बेसच्या तारांवर हात आणि माइकला ओठ, एवढ्यानं जीव जाऊ शकतो.

अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर 9 व्होल्टची नवी बॅटरी खिशात हवी. जॅक आत असेपर्यंत सर्किट चालूच राहतं, म्हणून ब्रेकमध्ये चॅनल म्यूट करायला सांगून केबल काढा. आवाज फाटायला लागला तर आधी बॅटरी बदलून बघा.

आणि घरी गोड वाटणारा टोन स्टेजवर हरवतो. सगळ्यात जाड ई तार 41 हर्ट्झची, ती किक ड्रमच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) आवाजात बुडते. तेव्हा लो (खालच्या सुरांचं बटण) वाढवण्यापेक्षा 500 ते 800 हर्ट्झ थोडं वर घ्या, सूर लगेच कळायला लागतात.