तांबटाची पालवी आणि श्रीखंडाचा डबा

गणपतीच्या आधी आईने माणूस लावून गडग्यावरची तांबटाची झुडपं साफ छाटून टाकली. मी फोनवरच भांडले तिच्याशी, लहानपणी आम्ही त्याची जांभळट फळं खायचो म्हणून जीव आहे त्या झाडांवर. तर आई म्हणाली, काटे कोण काढणार तुझ्या बापाच्या पायातले? विषय संपला.

पण गुहागरला पोचले तर छाटलेल्या फांद्यांना मस्त तांबूस लुसलुशीत पालवी फुटलेली, आणि तिच्यावर एक शेंदरी फुलपाखरू, अंगभर काळे ठिपके, सारखं घिरट्या घालतंय. कॉमन लेपर्ड! परदेशातले लोक फ्रिटिलरी नावाची जी फुलपाखरं घरात वाढवतात ना, त्यांच्याच कुळातला आपला हा नातलग. एकेका कोवळ्या पानाला शेपटाचा शेंडा टेकवायची, एकच अंडं घालायची की पुढे. जून पानांकडे ढुंकून बघत नव्हती बाई. म्हणजे आईने छाटलं नसतं तर ती आली असती की नाही देव जाणे, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

सहा अंडी मिळाली, फिकट पिवळी, मोहरीपेक्षा बारीक. मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम केलं तर त्यावर उभ्या रेघा दिसतात. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टिश्यू अंथरला, वर ओढणीचा तुकडा रबराने बांधला. तिसऱ्या दिवशी चार फुटली, दोन तशीच राहिली. बाहेर आल्या आल्या अळी आधी स्वतःचं टरफल खाते, मग पान.

एक गंमत म्हणजे पान जरा हललं की ही अळी टुपकन खाली उडी मारते आणि बारीक धाग्याला लटकत राहते. पहिल्या दिवशी मला वाटलं मेली, डबा झाडणारच होते!

खरी कटकट आपल्या पावसाची. पानं धुवून तशीच ठेवली की दमटपणाने डब्याला घाम सुटतो आणि विष्ठेवर पांढरी बुरशी धरते, एका दिवसात. मग रोज दोनदा टिश्यू बदल, पानं फडक्याने कोरडी कर, अळीला हात न लावता जुन्या पानासकट नव्या पानावर ठेव. ऑफिसचा कॉल चालू आणि मांडीवर डबा, असं चाललेलं. डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून तो पाण्याच्या ताटलीत, लोणच्याच्या बरणीला करतो तसं.

कात टाकायच्या आधी अळी दिवसभर खात नाही, नुसती बसून राहते, तेव्हा घाबरायचं नाही. कात टाकल्यावर काटे आधी फिकट असतात, मग काळे होतात. दहाव्या दिवसापर्यंत चार तुकतुकीत तपकिरी अळ्या, बाजूने पांढरी रेघ, काटेच काटे. (काटे टोचत नाहीत, नुसता रुबाब.) पाचवीच्या अंगाशेजारी पांढऱ्या कोशांचा पुंजका दिसला, परजीवी गांधीलमाशीचं काम. वाईट वाटलं, पण अंडी गोळा करताना ही एक लहान अळी चुकून पानाबरोबर आली असणार, बाहेर असतानाच तिला डंख बसलेला.

आणि शेवटी पालवी संपली. उरलेली पानं जून झाली, अळ्या तोंड लावेनात. संध्याकाळी बघते तर आई कोयती घेऊन मागच्या परसातून येतेय, पदरात तांबटाचे कोवळे शेंडे. विहिरीकडचं झाड मला माहीतच नव्हतं.

चौदाव्या दिवशी दोन अळ्या डब्याच्या कडेला आणि दोन ओढणीला उलट्या टांगून बसल्या, इंग्रजी जे अक्षरासारख्या. सकाळी चार कोष, हिरवेगार, त्यावर चंदेरी टोकं आणि लाल कडा, कुणी नथ टांगावी तसे. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, छान आहेत गो, पण माझा डबा कधी मोकळा होणार?