शनिवारची स्पेशल

फुटबॉल स्पेशलची, म्हणजे सामन्याला प्रेक्षक नेणाऱ्या खास रेल्वेगाडीची, ड्यूटी आमच्या डेपोत कुणालाच नको असायची. शुक्रवारी रोस्टर लागला की जो तो देवाचं नाव घेत आपलं नाव शोधायचा. मी मात्र ती मागून घेत असे. एक तर जादा पैसे, आणि दुसरं म्हणजे सामना. शाळेत असताना लालबागहून बसनं कूपरेजला जाऊन रोव्हर्स कप पाहिलेला माणूस मी. इंग्लंडात येऊन फुटबॉल न बघता कसा राहणार?

मी १९६८ला लंडनला आलो. त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत युस्टन स्थानकावर गोरा नसलेल्या माणसाला गार्ड म्हणून घेतच नसत. डॉमिनिका बेटावरून आलेल्या अॅस्किथ झेवियर यांना असंच नाकारलं, त्याचा गवगवा झाला, आणि १९६६मध्ये ती भिंत पडली. मी हमालीपासून सुरुवात करून गार्ड झालो तो झेवियर यांनी मोकळ्या केलेल्या वाटेनं.

सांगतोय तो दिवस १९८४च्या नोव्हेंबरमधला. लंडनच्या एका क्लबाचे पाचेकशे लोक लँकेशायरमधल्या एका गावी न्यायचे होते. क्लबाचं नाव नको, गावाचंही नको. स्पेशलला नेहमी म्हातारे डबे लावत, भंगारात निघण्याआधीच्या शेवटच्या मुक्कामाला आलेले. निघण्याआधी मी दिवे मोजले. दिवे काढून न्यायची खोड होती पोरांना. रेल्वेचे बल्ब २४ व्होल्टचे, घरी लावायला कुचकामी. पण खिडकीतून फलाटावर फेकला तर सुतळी बॉम्बसारखा आवाज करतो.

जाताना तसं काही झालं नाही. पत्ते, सिगारेटचा धूर, गाणी. खरे मारामारी करणारे या गाडीत नसायचेच. ते रोजच्या इंटरसिटीनं यायचे, अंगात इटालियन महागडे स्वेटर, गळ्यात क्लबाचा मफलर नाही, म्हणजे पोलिसांना ओळखू येऊ नये. आमच्या गाडीतले बरेचसे गोदीतले, कारखान्यातले, बापाबरोबर आलेले.

उतरल्यावर दोन्हीकडे घोडे आणि कुत्रे, मध्ये आमची वरात. काही पोरांच्या बुटांच्या नाड्या पोलिसांनी काढून घेतल्या. नाडी नसली की लाथही नीट बसत नाही आणि पळताही येत नाही. नाड्यांचा तो ढीग फुटपाथवर पडलेला अजून दिसतो मला. गाव सूतगिरण्यांचं. चिमण्या होत्या, धूर नव्हता. १९८२च्या संपापासून माझा धाकटा भाऊ परळला घरी बसून होता, त्याच्या पत्रांची आठवण झाली.

परतीच्या गाडीला वेळ होता. गणवेशावर ओव्हरकोट चढवून मीही पाहुण्यांच्या बाजूला घुसलो. पाहुण्यांची बाजू म्हणजे सिमेंटच्या उघड्या पायऱ्या, पुढे आणि दोन्ही बाजूंना उंच जाळी, मागे कुलूप. मुतारी तुंबलेली, तिचं पाणी पायऱ्यांवरून खाली येत होतं. तेव्हा जाळीबद्दल कुणी फारसं बोलत नसे. उलट ती आहे म्हणून बरं, असं मलाही वाटायचं. १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर अशाच जाळीमागे माणसं चेंगरली. ९७ गेली, त्यातला शेवटचा २०२१मध्ये. दोष प्रेक्षकांचा नव्हता हे मृत्यूंच्या चौकशीत ज्युरीनं मान्य करायला २०१६ उजाडलं.

अर्धा तास झाला असेल. समोरच्या संघाचा काळा विंगर चेंडू घेऊन आमच्या कोपऱ्यात आला आणि आजूबाजूच्या शे-दोनशे गळ्यांतून माकडाचा आवाज निघाला. लयीत, सराव केल्यासारखा. एक केळंही जाळीवरून गेलं. सकाळी ज्यांना मी चहाचा स्टॉल कुठे आहे ते दाखवलं होतं, तेच चेहरे. मी मान खाली घातली. शेजारचा पन्नाशीचा माणूस, गोदीतला असावा, ओरडायचा थांबला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तुम्हाला नाही हो, साहेब. तुम्ही तर आपले गार्ड.” आणि कागदातला अर्धा पाय, म्हणजे इंग्रजांची ती सारण भरलेली पेस्ट्री, माझ्यापुढे केला.

मी हसलो. पायही खाल्ला.

आजही त्या दिवसातलं दुसरं काही नाही, ते हसणंच घशात अडकतं. त्या विंगरनं मात्र कोपऱ्यावरून असा क्रॉस टाकला की गोल झालाच. पोटातून मला इतका आनंद झाला, की मी तो ओव्हरकोटात लपवला.

सामना संपल्यावर आम्हाला अर्धा तास कोंडून ठेवलं. मग पोलिसांनी दिसेल तो लंडनवाला माझ्या गाडीत कोंबला, इंटरसिटीनं आलेले स्वेटरवालेही. गाव सुटता सुटता एका पुलावरून दगड आले. तीन-चार काचा गेल्या. दोन मैलांवर कुणीतरी साखळी ओढली.

तेव्हाच्या गाड्यांत साखळी ओढली की त्या डब्याच्या टोकाला बाहेरून एक लाल चकती फिरायची. गार्डनं खाली उतरून ती शोधायची आणि परत बसवायची. अंधारात खडीवरून चालतोय, हातात दिवा, आणि वर प्रत्येक खिडकीत डोकी. कोणी थुंकलं, कोणी शिट्टी मारली, कोणी “गुड लक, गार्ड” म्हणालं. सातव्या डब्याची चकती फिरलेली होती. आत एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, कपाळ फुटलेलं, पांढऱ्या स्वेटरवर रक्त. साखळी त्याच्यासाठीच ओढली होती, गंमत म्हणून नाही.

त्याला माझ्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, आणलं, पट्टी बांधली. पुढच्या स्टेशनात अँब्युलन्स बोलावू म्हटलं तर हात जोडायच्या बेतात आला. अँब्युलन्स म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे नाव, आणि सोमवारी बँकेत नोकरी. जखम खोल नव्हती, मी ऐकलं. तुम्ही कुठले, त्यानं विचारलं. बॉम्बे. तिथे फुटबॉल असतो? मी त्याला कूपरेजबद्दल सांगायला लागलो, पावसात शेवाळलेल्या मैदानाबद्दल, आणि तो मध्येच झोपला. दुपारी त्यानं तो आवाज काढला होता का, हे विचारायचं मी ठरवत होतो. विचारलं नाही.

लंडनला तो न बोलता उतरला आणि गर्दीत गेला. जॅकेट सीटवरच राहिलं होतं. उचललं तर जड. खिशात माझ्याच गाडीचे दोन बल्ब. एक व्हॅनमध्ये लावून पाहिला, लागला. दुसरा गेलेला होता.