पासून – पर्यंत

साहेब मीटिंगला गेले होते. "येतीलच, बसा," असं सांगून शिपाईही कुठेतरी सटकला. तालुक्याच्या एका कचेरीतली दुपार. कुठल्या ते राहू द्या, सगळीकडे तीच असते. समोर रिकामी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल, टेबलाच्या काचेखाली गजानन महाराज आणि उलटून गेलेल्या सालाचं कॅलेंडर. मोबाइलला रेंज नाही. अशा वेळी मी नेहमी जे करतो तेच केलं. खुर्चीमागच्या भिंतीवरचा फलक वाचायला घेतला.

तुम्हीही वाचता, मला ठाऊक आहे. अ. क्र., अधिकाऱ्याचे नाव, पासून, पर्यंत. वरची नावं ऐसपैस, झोकदार वेलांट्यांची. खाली येता येता अक्षरं अंग चोरायला लागतात, कारण अजून किती साहेब यायचेत हे रंगाऱ्याला पहिल्या दिवशी कुणी सांगितलेलं नसतं. सगळ्यात खालच्या नावापुढचं 'पर्यंत' कोरं.

तीन तीन वर्षं सुखाने काढून गेलेल्या साहेबांत मला काडीचा रस नाही. मी शोधतो ते सगळ्यात तोकडं नाव. एकोणीस दिवस. दीड महिना. हा का गेला असेल? बदली रद्द करून आणली, की इथलं पाणी बाधलं? आणि त्याहून जास्त मी शोधतो त्या फटी. एक साहेब जूनमध्ये गेले, दुसरे ऑगस्टात आले. मग मधल्या जुलैत उताऱ्यांवर सह्या कोण करत होतं? या फलकावर तेवढा प्रामाणिकपणा होता. एकच नाव दोन साहेबांच्या मधे, पुन्हा दोन साहेबांच्या मधे, असं वरपासून खालपर्यंत येत होतं आणि प्रत्येक वेळी कंसात बारीक अक्षरांत 'प्रभारी'. कायम तिथलाच कुणीतरी नायब असणार. साहेब येत-जात राहिले, हा मधली जागा भरत राहिला.

माझे मामा असे प्रभारी होते. चार्ज घेणं ही काय चीज असते ते मला त्यांच्यामुळे कळलं. आम्हाला वाटायचं, हार, पेढे, भाषण. प्रत्यक्षात कपाटाच्या किल्ल्या, गोल शिक्का, डेडस्टॉक रजिस्टर आणि त्यातल्या न सापडणाऱ्या दोन खुर्च्या. अहवालात तारखेपुढे 'मध्यान्हपूर्व' की 'मध्यान्होत्तर' ते लिहावं लागे, म्हणजे एकाच दिवशी दुपारपर्यंत एक साहेब आणि दुपारनंतर दुसरा. मामी म्हणायची, "यांचं सगळं मध्यान्होत्तरच." मामा हसायचे. फारसं नाही, पण हसायचे.

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत असाच फलक होता, गडद तपकिरी लाकडावर पिवळी अक्षरं. तो भिंतीवरून खाली उतरलेला मी एकदाच पाहिला. जुने सर निवृत्त झाले होते, नवे आले होते, आणि पेंटर व्हरांड्यात फलक मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे. त्याने आधी खडूने दोरा घासला, दोऱ्याची दोन टोकं आमच्यातल्या दोघांना धरायला दिली आणि मधे चिमटीत धरून टणकन सोडला. फलकावर पांढरी सरळ रेघ उमटली. आम्हाला ते टिळकांच्या सिंहगर्जनेपेक्षा भारी वाटलं. मग बारीक कुंचला, डब्यातल्या रंगात बुडवून कडेला निथळलेला. जुन्या सरांच्या 'पर्यंत'खाली त्याने तारीख भरली. भरताना आमच्यातलं कुणी बोललं नाही.

मग त्याने आत डोकावून विचारलं, "सर, मधल्या बाईंचं टाकायचं का?"

मधे सात-आठ महिने संस्थेचा घोळ चालू होता आणि शाळा आमच्या संस्कृतच्या बाईंनी सांभाळली होती. त्या काळात दहावीचा निकाल लागला, मुतारीचं छप्पर बदललं, पावसात गळणाऱ्या आठवी 'क'ला ग्रंथालयात बसवलं. बाई मात्र मुख्याध्यापकांच्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत. शेजारी एक लाकडी स्टूल ओढून टेबलाच्या कडेला वह्या तपासत बसायच्या.

आतून नवे सर म्हणाले, "त्या प्रभारी होत्या. प्रभारींचं नसतं टाकायचं."

पेंटरने मान डोलावली आणि पुढचा आकडा घातला. जागा वाचली म्हणून त्याला बरंच वाटलं असेल. बाई तेव्हा समोरच्या वर्गात 'रामः रामौ रामाः' घेत होत्या, दार उघडं होतं.

तेव्हापासून माझं हे असं आहे. कुठलीही मोठी यादी पुढे आली की मी मधल्यांना शोधतो. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी घ्या. यशवंतराव १९६२च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला वगैरे आपण सगळे शिकलो. त्यांच्या जागी मारोतराव कन्नमवार आले आणि वर्षभरात, २४ नोव्हेंबर १९६३ला, पदावर असतानाच गेले. पुढे वसंतराव नाईक, ५ डिसेंबरपासून, तब्बल अकरा वर्षं. शाळेत आपण चव्हाण, कन्नमवार, नाईक असंच पाठ केलं. २५ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या दिवसांत राज्य कुणाकडे होतं, हे मला पुष्कळ मोठेपणी समजलं. परशुराम कृष्णाजी सावंत, कोकणातले, लोकांचे बाळासाहेब. दहा दिवस.

योग बघा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला आज नाव आहे ते या बाळासाहेब सावंतांचं, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं. दहा दिवसवाले आणि अकरा वर्षंवाले, दोघांच्या पदरी एकेक विद्यापीठ. हापूसची कलमं आणायला दापोलीला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? मी एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, "सावंत ना? असतील की कुणीतरी शास्त्रज्ञ."

हंगामी नव्हे पण तोकडे म्हणाल तर गोवा आहेच. रवी नाईकांची १९९४च्या एप्रिलातली दुसरी कारकीर्द २ तारखेला सुरू होऊन ८ला संपली. आणि आपला पहाटेचा शपथविधी, २३ नोव्हेंबर २०१९, तो तर तासांतच मोजतात. पण या दोन्हींत माझा जीव रमत नाही. ती डाव पलटल्याची गोष्ट. त्यात आलेला मोठ्या हौसेने आलेला असतो. प्रभारीचं तसं नसतं. त्याला कुणी आणलेलं नसतं, तो तिथे होताच.

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या यादीत तर चक्क फट आहे. जेम्स टेलर १७ फेब्रुवारी १९४३ला पदावर असताना वारले आणि चिंतामणराव देशमुखांची नेमणूक ११ ऑगस्टची. म्हणजे जवळजवळ सहा महिने यादी कोरी. बाहेर महायुद्ध चाललेलं, बंगालात दुष्काळ, आणि बँकेच्या माथ्यावर अधिकृत कुणीच नाही. कारभार बघत होते ते डेप्युटी गव्हर्नर, म्हणजे पुन्हा देशमुखच. महाडजवळच्या नात्याचा हा माणूस पुढे पहिला भारतीय गव्हर्नर म्हणून अजरामर झाला, म्हणून ते सहा महिने कुणाला खुपत नाहीत. नसता झाला तर? आणखी एक स्टूल ओढून बसलेलं माणूस, एवढंच.

याच यादीत खाली एक नाव आहे, भा. ना. आडारकर. १९७० साली ४ मे ते १५ जून, ४२ दिवस. नियुक्त झालेले जगन्नाथन यायचे होते, तोवर. पण या बेचाळीस दिवसांच्या माणसाची सही नोटांवर आहे, गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर. नोटा जमवणारे लोक ती सही शोधत फिरतात. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. धारकाला एवढे रुपये देण्याचं वचन हा माणूस देतो आणि त्याला स्वतःला पक्कं माहीत आहे की आपण जूनपर्यंतच आहोत. आमच्या शाळेचा दाखला आठवतो. त्या वर्षी ज्यांनी शाळा सोडली त्यांच्या दाखल्यावर बाईंची सही आहे, 'मुख्याध्यापक करिता'. तो दाखला दाखवून एक जण परदेशात गेला. 'करिता' म्हणून कुणी त्याला अडवलं नाही.

आणि उलटीही गंमत. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ला. मारेकऱ्यांमागे ज्यांचा हात होता ते राघोबादादा गादीवर आले, पण बारभाईंनी ते टिकू दिलं नाही. गंगाबाई पुरंदरावर होत्या. तिथे १८ एप्रिल १७७४ला मुलगा झाला आणि पुरता सव्वा महिना झाला न झाला तोच, चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावाने साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली. म्हणजे फलकावर सवाई माधवराव, 'पासून' मे १७७४. आणि फायली? त्या नाना फडणीस आणि सखारामबापूंकडे. मला नेहमी प्रश्न पडतो, ती वस्त्रं ठेवली कुठे असतील? पाळण्यात तर मावणार नाहीत. बाळाच्या अंगाला लावून बाजूला ठेवली असतील आणि गंगाबाईंनी आधी त्याचं टकुचं सारखं केलं असेल.

राघोबांना देहांत प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांचं आपण फार ऐकलं आहे, म्हणून इथे नको. शिवाय ते प्रभारी नव्हते.

आता एक नाव राहिलं, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं आठवत गेलं. गुलझारीलाल नंदा. अहमदाबादच्या गिरणी कामगारांत उभी हयात घालवलेले, स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या मुंबई सरकारात मजूरमंत्री होते. तेरा दिवसांचे पंतप्रधान म्हटलं की सगळ्यांना १९९६चे वाजपेयी आठवतात, लोकसभेतल्या त्या भाषणासकट. नंदा दोनदा तेरा दिवसांचे पंतप्रधान होते. २७ मे १९६४ला नेहरू गेले, त्याच दिवशी नंदांनी शपथ घेतली. ९ जूनला लालबहादूर शास्त्री आले. ११ जानेवारी १९६६ला ताश्कंदात शास्त्री गेले, त्याच दिवशी पुन्हा नंदा; २४ जानेवारीला इंदिरा गांधी आल्या. दोन्ही वेळा तेरा.

माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरोबरच आहे की, तेराव्यापर्यंत घर कुणीतरी सांभाळायचंच. आमच्याकडे कुणी गेलं की कुणीतरी एक जण न सांगता स्वयंपाकघराचा ताबा घेई. बहुतेक धाकटी काकू. पिठलं-भात, आल्यागेल्याचा चहा, भटजींची यादी, कुणाची गाडी किती वाजताची. तेराव्याला गोडाचं जेवण झालं की ती पदर खोचलेला सोडायची आणि किल्ल्या मोठ्या काकूच्या हातात द्यायची. तिला कुणी 'दमलीस का' विचारल्याचं मला आठवत नाही. रडायला तिला वेळ कधी मिळाला, तेही नाही.

आणि मग तारखा बघितल्या की हे सुतकाचं गणित फसतं. शास्त्रींना पक्षाने नेता निवडलं ते २ जूनलाच. इंदिराबाईंनी मोरारजींना हरवलं ते १९ जानेवारीला, ३५५ विरुद्ध १६९. म्हणजे दोन्ही वेळा पुढचं माणूस ठरलेलं होतं, हार घालून झालेले होते, आणि तरी काही दिवस देशाचे पंतप्रधान नंदाच होते. दुसऱ्या वेळी तर त्यांना सगळं आधीच पाठ असणार. आपण शपथ घेणार, अंत्ययात्रेची व्यवस्था बघणार, सांत्वनाच्या तारा घेणार, आणि मग एके दिवशी गर्दी दुसऱ्याच बंगल्याकडे वळणार. या अशा दिवसांत त्यांच्याकडे कोणत्या फायली येत असतील? की सगळेच म्हणत असतील, असू द्या, चार दिवसांनी नवे येताहेत, त्यांच्यापुढेच ठेवू?