सॉफ्टवेअर म्हणतं ७ए, पेटी म्हणते काळी एक (माझा अनुभव)

मी डीजे. गेल्या लग्नसराईच्या आधी ठरवलं की गाण्यांची सगळी लायब्ररी ‘की’ (गाण्याची पट्टी) प्रमाणे लावून टाकायची, म्हणजे हळदीत नि संगीतात एका गाण्यातनं दुसऱ्यात जाताना गायकावर गायक चढला तरी बेसूर वाजायला नको. काम झालं, पण एकाच जागी असं डोकं उठलं की राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

गाण्याची की ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं, फोल्डर टाकले, रात्री स्कॅन लावून झोपलो, सकाळी प्रत्येक गाण्यापुढं आकडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅमेलॉट चाक म्हणजे कुठली की कुठल्या कीशी जुळते ते दाखवणारा गोल तक्ता, त्यावर १ ते १२ आकडे असतात, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर (पाश्चात्य संगीतातल्या दोन स्वररचना). पुढचं गाणं त्याच आकड्याचं घ्यायचं, नाहीतर शेजारच्या आकड्याचं, नाहीतर आकडा तोच ठेवून ए वरनं बी वर जायचं. ८ए म्हणजे ए मायनर, ८बी म्हणजे सी मेजर. हाऊस, टेक्नो, आत्ताची कॉम्प्युटरवर बनलेली हिंदी-पंजाबी गाणी, ह्यांचे आकडे बहुतेक बरोबर येतात, मी कानानं तपासलेत, तिथं माझी काही तक्रार नाही.

अडकलं ते आपल्या जुन्या मराठी गाण्यांपाशी. एकाच लावणीच्या माझ्याकडं दोन फाईली, एक कॅसेटवरनं उतरवलेली, दुसरी नंतर मिळालेली. एकीला १२ए, दुसरीला ७ए. गाणं तेच, बाई त्याच, ढोलकी तीच, आणि चाकावर पाच घरांचं अंतर! परत स्कॅन केलं, परत तेच. सॉफ्टवेअरवाल्यांना मेल टाकला तर कितीतरी दिवसांनी उत्तर आलं की फाईलची क्वालिटी तपासा. अरे बाबा, क्वालिटी चांगली नाही हे मला पण ऐकू येतंय, सूर कोणता ते सांग की. परत मेल केला, परत तोच मजकूर, फक्त खाली सही दुसऱ्याची. आणि हे एका गाण्याचं असतं तर सोडून दिलं असतं, पण लावण्या, कोळीगीतं, जुनी भक्तिगीतं, जिथं हात घालावा तिथं हाच घोळ, आणि आमच्याकडं हळदीला ह्यांच्याशिवाय पान हलत नाही.

शेवटी लॅपटॉप उचलला आणि पेठेतल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांकडं गेलो. ते म्हणाले, "काय करालायस हे? लाव बघू गाणं." एक ओळ ऐकली, पेटीवर बोट ठेवलं, काळी एक. मग पांढरी दोन दाबली, मान हलवली, परत काळी एक. "मधीच हाय रे हे. काळी एकच्या वर, पांढरी दोनच्या खाली. टेप पळालीय." संपला विषय. १२ए म्हणजे सी शार्प मायनर, तीच काळी एक, ७ए म्हणजे डी मायनर, तीच पांढरी दोन, चाकावर लांब दिसतात पण पेटीवर एकमेकांना चिकटून आहेत. टेप साधारण ६ टक्के जोरात पळाली की सूर अर्धा स्वर वर जातो, ३ टक्के पळाली की बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये. सॉफ्टवेअर ए ४४० हर्ट्झला (वाद्यं जुळवायचं ठरलेलं माप) धरून बसलेलं, मधलं काही त्याच्याकडं नाहीच, मग एका फाईलला खाली ढकलतं, दुसरीला वर. ज्या कोल्हापुरात अल्लादियाखाँसाहेब दरबारगायक होते तिथं बसून मी सूर कोणता हे परदेशातल्या मेलवर विचारत होतो, ह्याचं काकांना लई हसू आलं.

मला खरा राग कशाचा आहे सांगू का, मी घेतलेलं सॉफ्टवेअर "माहीत नाही" असं कधी म्हणतच नाही. नुसत्या हलगीचा ट्रॅक टाकला, त्याला ४ए दिलं. हलगी! त्यात ना पेटी ना गळा, नुसती काडी आणि कातडं, तरी ४ए, ते पण बाकीच्या गाण्यांसारखंच ठळक रंगात. नवीन पोरगं ते बघून ४ए ला जुळणारं गाणं शोधत बसणार, आणि तिथं काहीही चाललं असतं. उलट हलगीचा किंवा ढोलताशाचा तुकडा सापडला तर सोनं आहे, त्यावरनं कुठल्याही की मध्ये उडी मारा, कुणाला खटकणार नाही. की सांभाळायची ती दोन चाली किंवा दोन गळे एकावर एक येतात तेवढ्यापुरतीच.

अजून एक, चाकात खोकी २४ च, १२ मेजर, १२ मायनर. भैरवमध्ये रे आणि ध कोमल, ग आणि नी शुद्ध, हे ना मेजरमध्ये बसतं ना मायनरमध्ये, तरी त्याला कुठंतरी कोंबलं जातं. भैरवीचं वेगळंच. पांढरी तीनचा सा धरून भैरवी वाजवली तर सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या लागतात, मग सॉफ्टवेअर ८ए नाहीतर ८बी लिहून मोकळं, म्हणजे सा एकदम पांढरी सहा नाहीतर पांढरी एक. स्वर तेच असल्यामुळं मिक्समध्ये चालून जातं खरं, पण खाली ए चा (पांढरी सहाचा) बेस लावला की ओळ संपते तिथं गाणं टेकल्यासारखं वाटत नाही, लोंबकळत राहतं.

त्यामुळं आता मी सॉफ्टवेअर फक्त चाळणीला वापरतो. तीन-चार गाणी जुळतील असं त्यानं सांगावं, त्यातलं कुठलं घ्यायचं ते हेडफोनमध्ये दोन्ही एकत्र ऐकून मी ठरवणार. जुन्या गाण्यांचा सा मुखडा जिथं येऊन टेकतो तिथं शोधायचा, सुरुवातीच्या म्युझिकवर जायचं नाही, ते फसवतं. पेटी नसेल तर मोबाईलवरचं कीबोर्ड ॲप चालतं, ट्यूनर ॲप असेल तर सूर किती वर-खाली आहे ते पण कळतं, मग पिच तेवढी हलवून गाणं पट्टीवर आणून नवीन फाईल करून ठेवायची. काकांकडं बसून माझी हळदीची सगळी यादी अशी झाली आणि ती आता माझ्याइतकी चोख आसपास कुणाकडं नसेल, हे मी छातीठोक सांगतो.

हां, मास्टर टेम्पोचं राहिलंच, म्हणजे वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण. ते बटण बंद ठेवून गाणं ६ टक्के पळवलं तर ८ए चं ३ए होतं, स्क्रीनवर ८ए च दिसत असलं तरी. चालू ठेवा. फार ओढलं तर आवाज चिरकतो, पण चार-पाच टक्क्यांत काही कळत नाही.

आणि हातानं तपासलेली की, की च्या रकान्यात लिहून थांबू नका, कॉमेंटच्या रकान्यात पण लिहा. माझ्याकडं एक अपडेट आलं आणि त्यानं न विचारता सगळं परत स्कॅन केलं, की चा रकाना पार धुतला गेला, त्या लावणीला परत ७ए. कॉमेंटमध्ये "काळी एक, थोडी वर" लिहिलेलं होतं, ते तेवढं शाबूत राहिलं.