जुना मेरी टिलर: आधी ओळख, मग दुरुस्ती

रोटाव्हेटर हा शब्द आज महाराष्ट्रातल्या गावागावांत चालतो, पण मुळात ते एका कंपनीने दिलेले व्यापारी नाव. ऑस्ट्रेलियातल्या गिलगँड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्डने १९१२ साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी जमीन कसण्याचे प्रयोग सुरू केले. पहिली पाती माती बाजूला उडवायची. ती इंग्रजी 'एल'सारखी वाकवल्यावर काम जमले. १९३८ साली तो इंग्लंडला आला आणि एसेक्समध्ये त्याचा कारखाना उभा राहिला. ब्रिटनमध्ये बागेतल्या कुठल्याही टिलरला लोक रोटाव्हेटरच म्हणतात, आणि जुने यंत्र ओळखताना पहिला घोळ इथेच होतो.

इंग्लंडमध्ये मेथी-कोथिंबिरीसाठी ॲलॉटमेंट (भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) घेतलेल्या मराठी मंडळींना शेजारच्या शेडमधून किंवा लिलावातून जुने यंत्र स्वस्तात मिळते. आधी त्याची ठेवण बघा. चाके पुढे आणि पात्यांचा रोटर मागे झाकणाखाली असेल, तर ते बहुधा हॉवर्डच्या घराण्यातले: जेम, बँटम किंवा २२० यांपैकी एखादे मॉडेल. कामाच्या वेळी चाके नसतात, पाती थेट इंजिनाखालच्या आडव्या दांड्यावर असतात आणि तीच यंत्राला पुढे ओढतात, अशी रचना असेल तर मेरी टिलरची शक्यता मोठी. हे यंत्र बर्मिंगहॅममधल्या विटन इथली वुल्झली कंपनी बनवत असे. पुढचे सगळे या यंत्राबद्दल, कारण सापडते ते बहुधा हेच.

रंगावरून निष्कर्ष काढू नका, इंजिनावरूनही नाही. चाळीस-पन्नास वर्षांत इंजिन एकदा तरी बदललेले असू शकते. यंत्राची ओळख सांगाड्यावरच्या नावाच्या पट्टीवरून आणि चेनकेसवरून (पाती फिरवणाऱ्या साखळीचा बंद डबा) पटते, इंजिनाची ओळख वेगळी काढावी लागते. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकी कंपनीचे इंजिन असेल तर वरच्या पत्र्याच्या झाकणावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. वायर ब्रशने जोर करू नका, आकडे पुसट होतात. रॉकेल लावून चिंधीने पुसा.

समजा मॉडेल ८०३०२ आहे. पहिला ८ म्हणजे क्षमता ८ घनइंच, सुमारे १३० सीसी. पुढचे शून्य डिझाइनची मालिका सांगते. ३ म्हणजे आडवा क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरता दांडा), फ्लोटचा म्हणजे तरंगत्या गोळ्याचा कार्ब्युरेटर आणि वाऱ्यावर चालणारा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा. त्यानंतरचे शून्य साधे बेअरिंग दाखवते आणि शेवटचा २ दोरी आपोआप गुंडाळणारा स्टार्टर. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष, मग महिना, मग दिवस: ७२०४१५ ने सुरू होणारे इंजिन १५ एप्रिल १९७२ चे. फक्त झाकण दुसऱ्या इंजिनावरून आलेले नाही ना, हे तपासा. मॉडेलमध्ये फ्लोटचा कार्ब्युरेटर म्हटलाय आणि समोर टाकीवर बसवलेला पडद्याचा कार्ब्युरेटर दिसतोय, तर झाकण परके आहे. सुटे भाग मागवण्याआधी ही खात्री झालीच पाहिजे.

आता दुरुस्ती. लगेच दोरी ओढण्याचा मोह आवरा. आधी पात्यांचे रोटर काढा. पिन निघते, पण रोटर दांड्यावर गंजून बसलेला असतो. गंज सैल करणारे तेल रोज थोडे घालून दोन-तीन दिवस थांबा आणि मग लाकडी ठोकळा लावून बाहेरच्या दिशेला ठोका. गॅसच्या ज्योतीने तापवले तर शेजारचे ऑइल सील (तेल अडवणारे रबरी कडे) जळते.

रोटर निघाले की दांड्याभोवती गुंडाळलेली सुतळी, तार, गवत दिसेल. सीलचा खरा शत्रू हाच. चेनकेसचे तेल भांड्यात काढा. दुधाळ असेल तर पाणी शिरलेय, भांडे कोरडेच राहिले तर सील गेलेय. सीलवरचे आकडे वाचा. इंचाच्या सीलवर १०० म्हणजे आतला व्यास १ इंच. नवे सील बसवताना ओठ आणि त्यामागची स्प्रिंग तेलाच्या बाजूला हवी. जुन्या सीलने दांड्यावर खाच पाडली असेल, तर नवे सील एखादा मिलीमीटर आत किंवा बाहेर बसवा, नाहीतर ते नवे असूनही गळेल.

इंजिनाचा दाब मोजायला गेज लावू नका. या इंजिनाचा झडपा उघडणारा कॅम सुरुवातीला दाब थोडा सोडतो, त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो. प्लग घट्ट बसवून फ्लायव्हील (इंजिनाचे जड फिरते चाक) नेहमीच्या उलट दिशेने, म्हणजे फ्लायव्हीलकडून बघता घड्याळाच्या उलट, झटक्याने फिरवा. ते जोरात परत उसळले तर दाब ठीक आहे. मऊ राहिले तर हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उघडा. लांब-आखूड बोल्ट कुठून निघाले ते पुठ्ठ्यावर भोके पाडून तसेच टोचून ठेवा. काजळी लाकडी पट्टीने खरवडा. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते ओले करूनच काढा. ॲल्युमिनियमच्या या इंजिनाचे बोल्ट तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत १६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. पाने इंचाचेच वापरा. मिलीमीटरचा पाना 'जवळपास बसतो' आणि बोल्टची डोकी गोल करून ठेवतो.

ठिणगी नसेल तर बहुतेकदा दोष फ्लायव्हीलखालच्या पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे टोक) चढलेल्या थराचा असतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, मग कोरे कागद ओढून तेलकटपणा घालवा. पॉइंटचे अंतर ०.५ मिमी, प्लगचे ०.७५ मिमी. फ्लायव्हील काढताना त्याच्या पंखांवर हातोडा मारू नका, ते तुटतात. फ्लायव्हीलला दांड्यावर जागेवर धरणारी खाचेतली चावी (धातूचा छोटा तुकडा) नीट बघा. अर्धा मिलीमीटर कातरली गेली असली तरी ठिणगीची वेळ चुकते आणि दोरी हाताला झटका देते. ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते. तिथे पोलादी चावी घातली, तर पाते दगडात अडकल्यावर मार क्रँकशाफ्टवर जातो.

इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाखाली उंदराचे घरटे हमखास सापडते. ते काढाच, पण झाकण न लावता इंजिन चालवून बघू नका. गव्हर्नरच्या पात्याला वारा मिळत नाही आणि इंजिन बेफाम पळते.

कार्ब्युरेटरची पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई हलकेच पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा, नेमके जुळवणे इंजिन तापल्यावर. २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधे पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले) झाले आहे. ते जुने रबर फुगवते आणि यंत्र पडून असताना टाकीत पाणी धरते, म्हणून कमी इथेनॉलचे ई५ घ्या. इंजिनात एसएई ३० तेल, सुमारे ६०० मिली.

इंजिनाचा जोर पात्यांकडे नेणाऱ्या पट्ट्यात फार लोक फसतात. इथे क्लच म्हणजे पट्टा ताणणारी पुली. पट्टा बाहेरून कापड गुंडाळलेलाच हवा. कापलेल्या कडांचा पट्टा लिव्हर सोडल्यावरही पुलीला चिकटून राहतो आणि पाती फिरत राहतात. पुलीजवळच्या पट्टा सावरणाऱ्या तारा वाकल्या असतील तरी असेच होते. जुन्या यंत्रांत हात सुटताच इंजिन बंद करणारी सोय बहुधा नसते, त्यामुळे हा दोष अजिबात चालवून घेऊ नका.

पाती परत लावताना धारेची बाजू आधी मातीत शिरली पाहिजे. डावे-उजवे रोटर उलटे लागले की पात्याची पाठ जमिनीवर आपटते, यंत्र उड्या मारते आणि दोष उगाच इंजिनाला दिला जातो. बोल्ट ८.८ या मजबुतीच्या प्रतीचे, नट नायलॉनच्या कड्याचे. पात्यांना हात लावण्याआधी प्रत्येक वेळी प्लगची वायर काढून बाजूला बांधा.

पहिल्या दिवशी किती खोल खणायचे ते ठरवणारी मागची पट्टी थोडी खाली घ्या. ती मातीत रुतून यंत्राला मागे धरते, म्हणूनच पाती पळण्याऐवजी खणतात. पट्टी वर राहिली तर यंत्र तुम्हाला घेऊन वाफा ओलांडते. अर्धा तास हलक्या, ओलसर मातीत चालवा, गरम असतानाच इंजिनाचे तेल बदला आणि चेनकेसच्या सीलखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवा, म्हणजे तेल गळते का ते सकाळी दिसेल.