नॅक्सोसचा दगड, डिलोसचे सिंह

एजियन समुद्रातील सिक्लाडीस बेटांवर आठ दिवस फिरण्यासाठी आम्ही दोघांनी मुद्दाम लहान जहाज निवडले. खोल्या बावीस, डोलकाठ्या दोन, आणि शिडे असली तरी चालणारे बहुतेक वेळ इंजिनावर. मोठ्या क्रूझ जहाजांना जिथे शिरता येत नाही अशा बंदरांत ते थेट धक्क्याला लागते, हे त्यामागचे कारण. मात्र अशा जहाजाचे वेळापत्रक कप्तानापेक्षा वारा जास्त ठरवतो, ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेही छापलेली नव्हती.

प्रवास अथेन्सजवळच्या लाव्रिओ बंदरातून सुरू झाला. याच डोंगरांतील चांदीच्या जोरावर इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सने आपले आरमार उभारले होते. कप्तानाने दक्षिणेकडून वळसा घेऊन सूनियो भूशिरावरचे पोसायडनचे देऊळ समुद्रातून दाखवले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती मी तिथल्या संग्रहालयात पूर्वी पाहिली होती, त्यामुळे देव ओळखीचा वाटला. त्याचे देऊळ कड्याच्या टोकावर का बांधले, हे मात्र डेकवरूनच कळले. घरी परतणाऱ्या खलाशाला अथेन्सच्या भूमीची पहिली खूण म्हणून ते पांढरे खांब दिसत असणार.

दुसऱ्या रात्री आम्ही सीरोस बेटावर होतो आणि पहाटे डिलोसला निघायचे होते. रात्रभर दोरखंड करकरत राहिले. उन्हाळ्यात या समुद्रावर उत्तरेकडून येणारा मेल्टेमी नावाचा कोरडा वारा सुटला होता. आभाळ इतके निरभ्र असते की वादळ म्हणून त्याच्याकडे पाहायला मन तयार होत नाही, पण डिलोसच्या उघड्या धक्क्याला त्या दिवशी होडीही लागू शकली नसती. कप्तानाने बेत उलटा केला : आधी नॅक्सोस, मग वारा पडला तर डिलोस. सहप्रवाशांत थोडी कुरकुर झाली, मीही त्यात होतो. तरीही हा क्रमच बरोबर होता असे मला आता वाटते, कारण डिलोसवर जे पाहायचे त्याचा दगड नॅक्सोसचा आहे.

नॅक्सोसला जहाज पाठमोरे धक्क्याला लावून मधे एक फळी टाकली. रत्नागिरीकडे भरती-ओहोटीचा हिशेब केल्याशिवाय होडी लावता येत नाही; इथे पाणी जेमतेम वीतभर चढते-उतरते, त्यामुळे ती फळी सकाळपासून रात्रीपर्यंत जवळजवळ तशीच राहिली. बंदराच्या तोंडाशी पोर्तारा उभा आहे : अपोलो या ग्रीक देवाच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाची नुसती संगमरवरी चौकट, सुमारे सहा मीटर उंच. लिग्डामिस या एकाधिकारी राज्यकर्त्याने इ.स.पू. ५३० च्या सुमारास हे काम काढले, त्याची सत्ता गेली आणि काम थांबले. पुढे व्हेनिसच्या सरदारांनी गावातला किल्ला बांधताना इथले दगड नेले, पण चौकटीचे दगड फारच अवजड असल्याने ती वाचली.

त्याहून मला फ्लेरियोची खाण जास्त आवडली. गावापासून थोड्या अंतरावर झाडांच्या सावलीत एका तरुणाचा अपुरा पुतळा उताणा पडला आहे. पाय मोडल्यामुळे कारागिरांनी तो बहुधा तिथेच सोडून दिला. जवळ वाकून पाहिले तर छिन्नीचे टोचे अजून मोजता येतात, आणि दगडाचा दाणा खडीसाखरेसारखा ठसठशीत आहे. ही खडबडीत चकाकी डोळ्यांत ठेवूनच मी परत फिरलो.

मग वारा पडला. डिलोस हे जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे, उघडेबोडके बेट. सावलीला झाड शोधावे लागते. लेटो देवीने अपोलो आणि आर्टेमिस या जुळ्यांना इथे जन्म दिला अशी श्रद्धा असल्यामुळे हे खडकाळ बेट तीर्थक्षेत्र झाले. तीर्थक्षेत्री श्रीमंत यजमान आपले नाव ठळक राहील अशी दाने देतात, आणि नॅक्सोसकरांनीही तेच केले. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी पवित्र तळ्याकडे तोंड करून संगमरवरी सिंहांची रांग बसवली. उघड्यावर आता प्रतिकृती आहेत, मूळ सिंह बेटावरच्या संग्रहालयात ठेवले आहेत. झिजून त्यांचे चेहरे सपाट झाले आहेत, पण अंगावर तोच खडीसाखरेचा दाणा दिसला. तळे मलेरियाच्या भीतीने १९२५ साली बुजवले. त्यामुळे सिंह आज मातीकडे आणि मधोमध लावलेल्या एका खजुराकडे पाहत बसले आहेत.

नॅक्सोसकरांनीच दिलेल्या अपोलोच्या प्रचंड पुतळ्याचे धड आणि कमरेचा भाग वाटेत पडलेले दिसतात. त्याच्या बैठकीवरील लेखात पुतळाच बोलतो, आणि मूर्ती व बैठक एकाच दगडाची असल्याचे सांगतो. देवाविषयी अक्षर नाही, बढाई सगळी दगडाची! फ्लेरियोचा मोडका पाय पाहून आलेल्याला ती बढाई फुकाची वाटत नाही.

डिलोसची दुसरी बाजू व्यापाराची आहे. इ.स.पू. १६६ च्या सुमारास रोमने हे बंदर करमुक्त केले आणि इथे गुलामांचा मोठा बाजार भरू लागला. दिवसाला हजारोंची खरेदी-विक्री पेलण्याची या बंदराची क्षमता होती, असे भूगोलकार स्ट्राबो लिहितो. टेकडीवरच्या घरांतील मोझेक त्याच पैशाचे आहेत. एका घरात क्लिओपात्रा नावाच्या गृहिणीचा आणि तिच्या नवऱ्याचा शिरविहीन पुतळा आहे. ही इजिप्तची राणी नव्हे, अथेन्सची बाई, हे मार्गदर्शक बाईंना प्रत्येक गटाला सांगावे लागत असावे. इ.स.पू. ८८ मध्ये रोमशी लढणाऱ्या मिथ्रिडेटिस राजाच्या सैन्याने आणि ६९ मध्ये चाच्यांनी बेट लुटले, आणि त्यानंतर ते पुन्हा सावरले नाही.

प्रवाशांना रात्री डिलोसवर राहता येत नाही. आमच्या जहाजाने समोरच्या रिनिया बेटाच्या आडोशाला नांगर टाकला आणि आम्ही पाण्यात उतरलो. इ.स.पू. ४२६ च्या सुमारास अथेन्सने डिलोस शुद्ध करण्यासाठी तिथल्या सगळ्या कबरी उकरून अवशेष याच रिनियावर आणून पुरले, आणि यापुढे डिलोसवर कोणी जन्मू नये की मरू नये असा नियम केला. बाळंतिणी आणि मरणासन्न माणसे होडीतून इकडे आणत. ती खाडी ओलांडायला किती वेळ लागत असेल, याचा अंदाज मी पोहता पोहता घेत होतो. वारा पडलेला असेल तर फार नाही. मेल्टेमीत मात्र कळा सुरू झालेल्या बाईला होडीत कसे बसवत असतील, हे जेवणाच्या टेबलावरही बराच वेळ सुटले नाही.

बदललेल्या बेतामुळे आमचे सँटोरिनी हुकले.