होमच्या आधी टू कशाला?

विश्रामबागेतली पोरं नोकरीचे अर्ज, ईमेल माझ्याकडं तपासायला आणतात, आणि 'आय वेंट टू होम' कुठंतरी सापडतंच. अरे बाबांनो, होम, हिअर, देअर, अब्रॉड ही इथं क्रियाविशेषणं आहेत, कुठं जायचं ते त्यांच्या पोटातच आलं, मग टू कशाला, 'आय वेंट होम' बास झालं की. 'सांगलीला गेलो'ला मात्र टू लागतंच, आणि 'टू माय होम' पण चालतं कारण तिथं होम नाम झालं. त्यात परत फ्रॉम चालतं, 'फ्रॉम हिअर', 'फ्रॉम अब्रॉड' एकदम बरोबर, म्हणून पोरं जास्तच गोंधळतात (त्यांचं काय चुकलं म्हणा). 'लास्ट संडे'आधी ऑन नको, 'नेक्स्ट वीक'आधी इन नको. आणि 'रिटर्न बॅक' दिसलं की मी सरळ बॅकवर काट मारतो.